आठव्या पाकळीवरची चेरी

३ डिसेंबर

आज क्लबचा मॅनेजर घरी आला होता. स्वतः, जिने चढून, धापा टाकत. आमच्या वसाहतीच्या क्लबचं वर्षअखेरचं जेवण यंदा एकवीस तारखेला आहे आणि शेवटी गोड म्हणून त्याला माझी जेली हवी आहे. गेल्या सुट्टीत तो यांच्याकडे कसल्याशा सहीसाठी आला होता, तेव्हा मी बशीत घालून दिली होती. ती त्याच्या लक्षात राहिली. म्हणाला, "काकू, तसेच तीन थर, तशीच फुलासारखी. चार टेबलांवर चार फुलं. लोकांना आवडली तर नव्या वर्षापासून दर शनिवारी क्लबात तुमचं गोडाचं टेबल लावू. वर तुमच्या नावाची पाटी."

पाटी! माझ्या नावाची. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडले. अर्ध्या शहराला माझा आवाज ठाऊक, नाव कोणालाच नाही. निवृत्त झाले तेव्हा एक घड्याळ दिलं, त्याच्या डबीवर भलत्याच बाईचं नाव होतं. यांना अजून त्यावरून हसू येतं, मला येत नाही.

मी हो म्हणून टाकलं, दोघींच्या वतीने. दोघी म्हणजे मी आणि धाकटी. धाकटी माझी सख्खी बहीण, याच इमारतीत एक मजला खाली राहते. सुट्टीची जेली आम्ही मिळून करतो. म्हणजे करते मी, ती ढवळते, फळं चिरते, भांडी घासते. दुपारी खाली जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस." म्हटलं, त्यात काय विचारायचंय, तू काय नाही म्हणणार होतीस? त्यावर गप्प बसली. तिला आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

५ डिसेंबर

साचा माळ्यावरून काढला. आईचा तांब्याचा साचा, आतून कल्हई केलेला, आठ पाकळ्यांचं फूल. सात पाकळ्या नीट, आठवी चेपलेली. धाकटीने लहानपणी ओट्यावरून पाडला होता. तेव्हापासून जेली ताटलीत पालथी केली की आठवी पाकळी बसक्या नाकासारखी येते आणि ते झाकायला तिच्यावर एक चेरी ठेवतात. चेरी ठेवायचं काम धाकटीचं. मग मी पाहुण्यांना गोष्ट सांगते. साचा कसा गडगडत दारापर्यंत गेला, आई कशी पळी घेऊन धावली, ही पलंगाखाली कशी लपली आणि तिथेच कशी झोपून गेली. "ही चेरी म्हणजे आमच्या धाकटीचा पराक्रम." सगळे हसतात. चेपलेली पाकळी तिच्याच वाट्याला जाते. जिने पाडलं तिने खायची, हा घरचा कायदा.

आज दोन्ही घरं एकत्र जेवलो. पाटीवर काय लिहायचं हा विषय निघाला. मी म्हटलं, "ताईंची जेली". सुटसुटीत. धाकटीचा नवरा, आमचे मास्तर, म्हणाले, "आणि हिचं काय?" मी म्हटलं, "हिची चेरी." मास्तर हसले, हेही हसले. धाकटी पाणी आणायला आत गेली. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता. विसराळू होत चाललीय.

८ डिसेंबर

पहिली रंगीत तालीम. खाली लाल थर, मध्ये दुधाचा पांढरा, वर नारंगी. उलटं केल्यावर लाल वर येतो. जिलेटिन गार पाण्यात भिजवलं, फुगू दिलं, मग गरम पाण्यावर वाटी धरून विरघळवलं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की त्याची पकड जाते. पहिला थर बोटाला चिकटेल इतपत बसला की दुसरा ओतायचा, तोही कोमट नको आणि चमच्याच्या पाठीवरून. फार घट्ट बसू दिला तर थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना घसरून पडतात. हे सगळं मला हाताने कळतं.

आज धाकटी मात्र सारखी विचारत होती. किती वेळ थांबायचं, साचा गरम पाण्यात किती बुडवायचा, कडेने बोट फिरवताना कुठून सुरुवात करायची. इतकी वर्षं शेजारी उभी राहून कधी विचारलं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं चला, बाईने मनावर घेतलं एकदाचं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आज मी पालथी करू?" म्हटलं, "अगं, ही काय प्रयोग करायची वेळ आहे? एकवीस तारीख जाऊ दे, मग कर हवी तेवढी." तिने हात पुसले आणि भांडी घासायला घेतली.

फूल सुरेख आलं. चेरी तिने ठेवली. पाकळी खाल्ली नाही, म्हणाली पोट भरलंय.

१२ डिसेंबर

धाकटी तीन दिवस वर फिरकली नाही. दात दुखतोय म्हणे. लवंग घेऊन खाली गेले तर दार उघडायला हा उशीर. घरात संत्र्याच्या इसेन्सचा वास. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, नातीसाठी सरबत. दात दुखणारी बाई थंडीत सरबत करतेय. आणि माझ्याशी बोलताना पूर्ण वेळ फ्रिजला पाठ लावून उभी. मी म्हटलं, बस की जरा. तर म्हणे, बसलं की ठणका वाढतो. खिडकीत भांड्यांच्या दुकानाचं मोठं खोकं दिसलं. सुनेला भेट आहे म्हणाली. सुनेवर एवढा जीव कधीपासून, देव जाणे.

लवंग दिली आणि आले. दाताच्या डॉक्टरकडे जायला बजावून आले.

१४ डिसेंबर

वाण्याकडे मॅनेजर भेटला. मला बघून असा काही चेहरा केला, जसं मी दवाखान्यातून सुटून आलेय. "काकू, आता कशी आहे तब्येत? जास्त उभं राहू नका." मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तो घाईघाईने हसला, म्हणाला काळजी घ्या, आणि पिशवी न घेताच निघाला. वाण्याने हाक मारून परत बोलावला. माणूस बरा आहे, पण जरा वेंधळा.

जिलेटिनची चार पाकिटं, दोन डबे अननस. ताजा अननस चालत नाही, त्याने जेली बसतच नाही, पाणीच राहतं. डब्यातलाच लागतो.

१६ डिसेंबर

सगळं संपलं. सकाळी मॅनेजरचा फोन आला. म्हणाला, काकू, यंदा गोडाची दुसरी सोय झालीय, तुम्ही त्रास घेऊ नका, आराम करा. कोणती सोय, कोणाची, काही सांगेना. मी आणखी काही विचारायच्या आत ठेवूनही दिला. मी, जिने जन्मभर फोन जोडले, रिसीव्हर हातात धरून उभी राहिले.

मग राग आला. सरळ खाली गेले आणि धाकटीच्या पलंगावर बसून तासभर बोलले. म्हटलं, माझ्या तोंडचा घास काढला कोणीतरी. कोणीतरी मध्ये पाचर मारलीय, त्याशिवाय हा असा फिरणार नाही. मला त्या क्लबातल्या आचाऱ्याचा संशय आहे, त्याचं कस्टर्ड कोणी खात नाही. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच चादर तिने किती वेळा उलगडली आणि घडी केली. शेवटी म्हणाली, "जाऊ दे ना ताई." मी म्हटलं, तुझं बरं आहे, तुझं काय गेलंय? मग मला रडू आलं. तिलाही आलं. माझ्यापेक्षा जास्तच रडली. मी तिचे डोळे पुसले. सख्खं माणूस ते सख्खंच, हे जेवताना यांना सांगितलं. हे पानात बघून जेवत राहिले.

१७ डिसेंबर

यांच्या पांढऱ्या स्वेटरच्या बाहीवर नारंगी डाग. विचारलं तर म्हणे औषधाचा. यांचं कुठलंच औषध नारंगी नाही. वयाने माणूस काहीही बोलतो. डाग निघाला नाही.

२२ डिसेंबर, सकाळ

काल क्लबात जायचं नव्हतं. हे म्हणाले, नकोच जाऊया, घरीच बसू. त्यांनी दोनदा नको म्हटलं म्हणूनच मी गेले. लोकांना वाटायला नको की मी तोंड लपवून बसले. चांगले कपडे काढले, मोत्यांच्या कुड्या घातल्या. धाकटी येणार नव्हती, दात.

जेवण झालं, दिवे थोडे मंद केले आणि चार टेबलांवर चार फुलं आणली. लाल, पांढरा, नारंगी. मी आधी थरच बघितले. एकसारखे, एकमेकांना धरून, कडा स्वच्छ. माझ्या हातचे वाटावेत इतके. पाकळ्या मोजल्या, आठ. आठही गुबगुबीत, एकही चेपलेली नाही. नवा साचा होता.

आणि एका पाकळीवर एक चेरी. मध्ये नाही, सगळ्या पाकळ्यांवर नाही. एकाच पाकळीवर, जरा डावीकडे कललेली, जशी ती ठेवते तशी.

शेजारची बाई म्हणाली, काय छान कल्पना आहे, एकच चेरी. मी काट्याने ती उचलली. खाली काहीच नव्हतं. अख्खी पाकळी, झाकण्यासारखं काही नाही. तेव्हा दाताचं कळलं, खोकं कळलं, फ्रिजला लावलेली पाठ कळली. मॅनेजरला माझ्या तब्येतीची काळजी का वाटत होती तेही कळलं. मी धाकटीच्या पलंगावर बसून रडले होते. तिचे डोळे मी पुसले होते. केसाने गळा कापला माझा, आणि कापता कापता दोन आसवंही गाळली.

एक घासही खाल्ला नाही. मॅनेजर टेबलाजवळ येऊन म्हणाला, "काकू, बघा, तुमच्या बहिणीने तुमचं नाव राखलं." मी म्हटलं, हो, राखलं.

२३ डिसेंबर

यांना ठाऊक होतं.

बाहीवरचा डाग. मी नुसता स्वेटर समोर धरला. हे म्हणाले, "तिने चव बघायला बोलावलं होतं." मी म्हटलं, आणि तुम्ही गेलात. म्हणाले, "विचारलं तिने, कशी झालीय. मी म्हटलं, चांगली झालीय. चांगली झाली होती गं." मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणे, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी कशाला." मध्ये कशाला म्हणे. मध्येच तर बसून खाल्लंत.

आज स्वयंपाक केला नाही. यांनी ब्रेड खाल्ला.

२६ डिसेंबर

धाकटी आली. नव्या साच्याची पिशवी हातात, जशी काही चोरलेली वस्तू परत करायला आलीय. मी दारातच उभी ठेवली. मग शेजारचं दार किलकिलं झालं म्हणून आत घेतली.

मी म्हटलं, "माझी तब्येत बिघडली असं सांगितलंस त्याला?"

"हो. पाठीचं सांगितलं. तुला उभं राहवत नाही म्हणाले."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटतेय." मान वर करून बोलत होती, नेहमी खाली घालून बोलते ती. "पण खरं सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का मला?"

मी म्हटलं, मागायचं होतंस. ती म्हणाली, मागितलं होतं. कधी? मला तर काही आठवत नाही. मी म्हटलं, माझी पाटी होती ती. त्यावर म्हणाली, "ताईंची जेली? आईची जेली होती ती, ताई. तुझी नाही नि माझीही नाही." मी म्हटलं, आईने साचा मला दिला. ती म्हणाली, "तुला दिला, कारण मी पाडला. आणि मी पाडला हे तू दर वर्षी सगळ्यांना सांगतेस. माझ्या सुनेसमोर, नातीसमोर. नात मला पलंगाखालची आजी म्हणते."

चेरीच्या गोष्टीचा इथे काय संबंध, मला कळलं नाही. गंमत असते ती. सगळे हसतात, तीही हसते. मूळ मुद्दा खोटं बोलण्याचा होता, तो तिने कुठल्या कुठे नेला.

मग मी विचारलं, साचा नवा होता, मग चेरी कशाला ठेवलीस? तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "हाताने ठेवली गेली. पालथी केली, सोडवली, अगदी अलगद सुटली, आठही पाकळ्या नीट. एवढा आनंद झाला मला. आणि बघते तर चेरी ठेवून झाली होती. काढली तर खड्डा राहिला असता. मग बाकीच्या तिन्हींवरही ठेवली."

चहा मी केला नाही, तिने मागितला नाही. जाताना म्हणाली, शनिवारच्या टेबलाचं मी अजून हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, म्हण की, कोणी अडवलंय. नवा साचा तिने टेबलावर ठेवला होता, तो उचलून मीच तिच्या हातात दिला.

२७ डिसेंबर

फसवलं तिने मला. परकं कोणी असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिला काय शिव्या देणार, हिचा शेंबूड मी पुसलाय.

आईचा साचा घेऊन तांब्याची भांडी ठोकणाऱ्याकडे गेले. म्हटलं, ही पाकळी सरळ करून द्या. त्याने साचा उजेडात धरला, बोटाने दाबून बघितलं, म्हणाला, "बाई, पत्रा इथे कागदासारखा झालाय. ठोकला तर भोक पडेल. इतकी वर्षं चाललंय, चालू द्या." घेऊन परत आले.

२९ डिसेंबर

सुट्टीचं जेवण. दर वर्षी खालची मंडळी वर येतात. या वर्षी मास्तर, मुलगा, सून आणि नात आली. धाकटी आली नाही. मास्तर म्हणाले, दात. मी म्हटलं, उपटून टाका म्हणावं.

जेली मी एकटीने केली. ढवळायला कोणी नसलं की चमचा ठेवून फ्रिजकडे जावं लागतं, परत येईपर्यंत जेली कडेने घट्ट व्हायला लागते. दुधाच्या थरात दोन गुठळ्या राहिल्या. पालथी केली. सात पाकळ्या आल्या आणि आठवी बसकी. चेरीची बाटली शेजारी होती. मी उघडली नाही. तशीच ताटली टेबलावर नेऊन ठेवली.

नात म्हणाली, "आज चेरी नाही?" मग म्हणाली, "मोठ्या आजी, पलंगाखालची गोष्ट सांग ना." सून एकदम मुलीच्या अंगावर ओरडली. हे ताटलीकडे बघत होते. मी म्हटलं, विसरले गं मी ती गोष्ट.

सगळ्यांनी खाल्ली. चेपलेली पाकळी कोणी घेतली नाही. कोणाची ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी हातच लावला नाही. मीही वाढून घेतली नाही. छोट्या ताटलीत काढून, वर बशी झाकून फ्रिजमध्ये ठेवली.

१ जानेवारी

पाकळीला पाणी सुटलं होतं. तीन दिवसांत सुटतंच. लाल, पांढरं, नारंगी मिळून ताटलीत गुलाबीसर पाणी. यांनी ताटली उचलली, म्हणाले, टाकतो आता ही. मी त्यांच्या हातातून घेतली.

मी तिला माफ केलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. थोरली मी आहे, आधी पायरी उतरायचं मला काही कारण नाही. तरी उतरले. पाणी सांडू नये म्हणून हळूहळू, भिंतीला धरून. तिच्या दाराशी उभी राहिले. आत फ्रिजचा आवाज येत होता आणि भांडं धुतल्याचा. बेल वाजवली नाही. ताटली उंबऱ्याशी ठेवली, बशी नीट झाकली आणि वर आले.

शिळं, पाणी सुटलेलं, कोणी न खाल्लेलं दिलं मी तिला. चिडवायला दिलं की कशाला, माझं मलाच सांगता येत नाही. हे म्हणाले, काय करून आलीस? म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला दार उघडलं तर ताटली आमच्या उंबऱ्याशी होती. वर बशी पालथी. दोन्ही घासून, पुसून, लखलखीत. भांडी ती पहिल्यापासून चांगली घासते. मी ताटली उजेडात धरली, वास घेतला, कडेने बोट फिरवून बघितलं. खाल्ली की मोरीत ओतली, काही कळायला मार्ग नाही.